सुकदेव नानांच्या बागेची साक्ष

धुळे, १७ जानेवारी १९८८

चि. रुपचंदला अक्काचा जय भीम.

पत्र आलं की उत्तर लिहायचं असतं, हे मी नगरपालिकेच्या शाळेत दुसरीतल्या पोरांना शिकवते. तू तर सातवी पास आहेस. गेल्या अक्षय्य तृतीयेपासून, आपल्या आखाजीपासून, तुला पत्रं पाठवतेय आणि तुझ्याकडून एक ओळ नाही. म्हणजे एक तर पोस्टमन आळशी आहे, नाहीतर माझा भाऊ रुसलाय. पोस्टमन बिचारा नेमाने येतो, त्याच्यावर आळ घेता येत नाही.

बरं, रुसून राहा. मी लिहीत राहणार. मला लिहिण्याचा सराव हवाच आहे, एप्रिलमध्ये बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे. विषय मानसशास्त्र. तुझे दाजी म्हणतात, "चाळिशीला आलीस, एस.टी. वर्कशॉपातला नवरा सांभाळतेस, तुला वेगळं मानसशास्त्र कशाला शिकायला पाहिजे?" म्हणतात आणि चहाही तेच करून देतात. आपल्या घरात कॉलेजची परीक्षा देणारी मी पहिली. हे मी शाळेत सांगितलं, रेशनच्या रांगेत सांगितलं, भाजीवालीला तर दोनदा सांगितलं. मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचा कसा हे मला कोणी शिकवलेलं नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या बायकोने, बेबाबाईने, निरोप पाठवलाय की मार्चमध्ये चोपड्याच्या कोर्टात तुझी साक्ष आहे, आणि सुकदेव नानांची केळीची बाग कापून पळणाऱ्या तेरसिंगचं तोंड मी पाहिलं, असं तू सांगणार आहेस.

रुपचंद, तू तोंड पाहिलेलं नाहीस.

मी माहेरी आले होते, आखाजीच्या दिवशीचीच सकाळ. बेबाबाईने मांड्यांसाठी खापर काढून ठेवलं होतं. तू कटाईसाठी पहाटेच निघाला होतास आणि तसाच धापा टाकत परत आलास. सुकदेव नानांची अख्खी बाग कोणीतरी कापून टाकली होती, घड लागलेली खोडं आडवी. नाल्याच्या वाटेने एक माणूस घोंगडी डोक्यावर घेऊन चालला होता. तू लोटाभर पाणी प्यालास आणि मला म्हणालास, "अक्का, मानूस देखा मी, पन तोंड नई देखं." मी या कानांनी ऐकलं.

दुपारी सुकदेव नानांच्या ओट्यावर गाव जमलं. एक म्हणाला, घोंगडी होती म्हणजे डोंगरातला पावरा आदिवासीच असणार. दुसरा म्हणाला, मग तेरसिंग, नानांनी होळीला त्याला राखणीवरून काढलं त्याचा राग. तुमच्या कटाईच्या टोळीचा मुकादम चिंधाभाऊ म्हणाला, "तोच." मग सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं, तू चिंधाभाऊकडे पाहिलंस आणि म्हणालास, "हा, तोच व्हता." तेव्हा बायकांच्या घोळक्यातून मी बोलले, "सकायले तं तू सांगं, तोंड नई देखं म्हनीसन." चिंधाभाऊ हसला, "अक्का, माहेरले येल शे ना? मांडा खाय, कशाले मजार पडस?" सगळे हसले. तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी मला बसवर सोडायला आला नाहीस, आणि तेव्हापासून अबोला.

तुला वाटतं मी तुला चारचौघांत खोटं पाडलं. पण त्या दिवशी मी बोलले याचा मला आजही अभिमान वाटतो. तेरसिंग तेव्हापासून जामिनावर आहे, त्याला कुठल्या बागेत काम मिळत नाही, आणि साक्ष तुझ्या एकट्याची आहे. बाकीच्यांनी फक्त ऐकलंय. तू म्हणालास पाहिलं, तर तो तुरुंगात जाणार.

उत्तर लिही. पोस्टमनला उगाच बदनाम करू नकोस.

तुझी,
लिलाअक्का


धुळे, ७ फेब्रुवारी १९८८

चि. रुपचंद,

उत्तर नाही. ठीक. आज स्मरणशक्तीच्या धड्याची उजळणी आहे आणि ती मी तुझ्यावर करणार आहे. तू आमच्या वर्गातला न बोलणारा विद्यार्थी, असले विद्यार्थी मास्तरणीला आवडतात.

आपल्याला वाटतं की पाहिलेलं डोक्यात पडून राहतं, ट्रंकेत ठेवलेल्या लुगड्यासारखं. हवं तेव्हा काढा, बघा, परत ठेवा. तसं नसतं म्हणे. दर वेळी आठवताना माणूस ते नव्याने रचतो. रचताना मागाहून ऐकलेलं, दुसऱ्याने सांगितलेलं, स्वतःच्या मनात आधीपासून असलेलं, सगळं त्यात जाऊन बसतं. मग त्यातलं आपलं कोणतं आणि ऐकलेलं कोणतं हे त्या माणसालाही वेगळं काढता येत नाही. आणि त्याची खात्री मात्र पक्कीच असते. उलट वरचेवर सांगून वाढते.

हे मी पुस्तकात वाचलं असतं तर पाठ करून सोडून दिलं असतं. पण आमच्या सुनंदाबाईंनी ते आमच्यावरच करून दाखवलं. या आमच्या प्राध्यापक, माझ्यापेक्षा वयाने लहान, मला "लिलाताई" म्हणतात आणि चुकलं की झाडतातही. रविवारी नोकरदारांचा वर्ग घेतात. मध्येच एक माणूस वर्गात घुसला, फीवरून त्यांच्याशी तावातावाने भांडला, टेबलावरचं डस्टर उचललं आणि निघून गेला. आम्ही सगळे गार. बाई शांतपणे म्हणाल्या, तो कसा दिसत होता ते लिहा. मी लिहिलं. मिशी होती का, या प्रश्नापुढे मी लिहिलं, लक्षात नाही.

मग बाईंनी आम्हाला गट करून बोलायला लावलं. माझ्या गटात एक बँकेतले गृहस्थ होते, इस्त्रीचा सदरा, भारदस्त आवाज. ते म्हणाले, चांगली जाड मिशी होती. एक-दोघांनी मान हलवली. थोड्या वेळाने मलाही ती मिशी दिसायला लागली, अगदी ओठांवर आलेली. दुसऱ्यांदा लिहिताना मी "जाड मिशी" लिहिलं. बाईंनी विचारलं, "लिलाताई, खात्री आहे?" मी म्हटलं, "शंभर टक्के." तेवढ्यात तो माणूस दारातून आत आला. तो बाईंचा आतेभाऊ, आणि त्याला मिशी नव्हती. सकाळी घोटून दाढी केलेली, गुळगुळीत.

वर्ग हसला, मीही हसले. तू हसशील म्हणून तुला सांगितलं.

आता हे तुमच्या टोळीला लावून बघ. आपल्या आबांनी टोळीत एक रीत घातली, ती तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. व्यापाऱ्याचा माणूस ट्रकपाशी एकेकाला बाजूला घेऊन विचारायचा, किती घड भरले? एक कमी सांगायचा, दुसरा जास्त, आणि मजुरी कापली जायची. आबांनी नेम केला की घड चढवताना मोठ्याने मोजायचे आणि मुकादम जो आकडा बोलेल तोच प्रत्येकाने सांगायचा. सावद्यापासून चोपड्यापर्यंत एकाही व्यापाऱ्याला मग आपली टोळी फोडता आली नाही. आंगठा उठवणाऱ्या माणसाने हे केलं. देवचंद आबांची मुलगी म्हणून मी आजही मान वर करून चालते.

पण घड तुम्ही सगळ्यांनी उचललेले असतात रे. तो माणूस तू एकट्याने पाहिलास. चिंधाभाऊला सवय आहे आकडा बोलायची आणि तुम्हाला सवय आहे तोच आकडा सांगायची. त्या दिवशी ओट्यावर त्याने आकडा बोलावा तसं तेरसिंगचं नाव बोललं, आणि तुम्ही घड मोजल्यासारखी मान हलवली. आबा असते तर त्यांनी चिंधाभाऊला तिथेच गप्प केलं असतं, असं मला वाटतं.

जेवणखाण वेळेवर कर.

लिलाअक्का


धुळे, २८ फेब्रुवारी १९८८

रुपचंदा,

कार्ड मिळालं. शेवटी लिहिलंस.

"अक्का, तू तुनी परीक्षा दे. टोळीमा मी ऱ्हास, तू नई. मी लबाडी करत नई. डोया मिटात का माले तेरसिंगनं तोंड दिसस."

कार्ड हातात घेऊन मी चुलीपुढे बसून राहिले. दाजींना वाटलं गावाकडे कोणी गेलं की काय. मी म्हटलं, गेलं नाही, बोललं.

तू लबाडी करतोस असं मी कधी म्हटलं नाही. म्हटलं असेल तर ते मागे घेते. तुला तोंड दिसतं हे मी मानते. मलाही मिशी दिसत होती. माझं म्हणणं एवढंच आहे की ते तोंड नाल्याच्या वाटेवरून आलं की ओट्यावरून, याचा तू शोध घे.

आज दुसरा धडा आहे, माणसं एकमेकांच्या दबावाखाली कशी बोलतात त्याचा. एका खोलीत सात-आठ जण बसवतात. एक रेघ दाखवतात, मग तीन रेघा दाखवतात आणि विचारतात, पहिलीएवढी यातली कोणती? लहान पोरानेही सांगावं इतकं सोपं. पण बाकीचे सगळे आधीच शिकवून ठेवलेले असतात, ते ठरवून चुकीची रेघ सांगतात. शेवटच्या माणसाला ठाऊक नसतं. तो समोर बघतो, सगळ्यांकडे बघतो, आणि पुष्कळदा तोही चुकीची रेघ सांगतो. काहींना वाटतं आपलेच डोळे बिघडले. काहींना वाटतं, एकट्याने वेगळं बोलून वाईट कशाला व्हा.

मी हे शाळेत शिक्षकांच्या खोलीत करून पाहिलं. आमचे हेडमास्तर शेवटचे बसवले. फळ्यावरची आखूड रेघ सगळ्यांनी लांब म्हटली, आणि हेडमास्तरांनी चष्मा पुसून तेच म्हटलं. खरं कळल्यावर त्यांनी माझ्याशी दोन दिवस धड बोलणं सोडलं. आता शाळेत माझा दरारा वाढलाय.

पण या प्रयोगातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळी आहे. त्या खोलीत आणखी एकच माणूस बरोबर रेघ सांगायला बसवला, तर शेवटच्या माणसाला बळ येतं. एकच पुरतो. तुझ्यासाठी तो माणूस मी होणार आहे. गेल्या रविवारी तेरसिंगचे वकील धुळ्याला माझ्या घरी आले होते. त्या सकाळी तू मला काय सांगितलंस ते मी कोर्टात सांगावं, असं त्यांचं म्हणणं. मी हो म्हटलं.

त्यांच्याबरोबर गुंताबाई होती, तेरसिंगची बायको. खुर्ची दिली तर बसेना, उंबऱ्याजवळच बसली. फडक्यात बांधून चारोळी आणली होती, मी नको म्हटलं तर तिने ती दाजींच्या हातात दिली. म्हणाली, "त्या दिवशी माझा माणूस डोंगरात होता बाई, तेंदूची पानं तोडायला. आमचे लोक सांगतात, तर कोणी मानत नाही. म्हणतात, तुमचे लोक तुमच्यासारखंच बोलतील." मी तिला म्हटलं, "आमचे लोक पण आमच्यासारखंच बोलतात." तिला ते कळलं की नाही कोणास ठाऊक, पण ती पहिल्यांदा हसली.

मी साक्ष द्यायला उभी राहीन तेव्हा खाली मान घालून उभी राहणार नाही. तू चिडशील. चिड.

लिलाअक्का


धुळे, १३ मार्च १९८८

चि. रुपचंद,

तुझी बायको तिच्या आईच्या हाताचं प्लास्टर काढायला धुळ्याला आली होती आणि माझ्याकडे जेवून गेली. जाताना माझं डोकं फिरवून गेली.

मी तिला वरण वाढता वाढता सांगत होते, रुपचंदने त्या सकाळी मला कसं सांगितलं, लोटा कसा हातात होता, गमछ्याने तोंड कसं पुसलं. ती घास तोंडाशी धरून माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अक्का, तुमले नई सांगं त्यासनी. माले सांगं. मी तुमले सांगं."

मी म्हटलं, काय सांगी ऱ्हायनी? मी तिथंच होते.

"तुम्ही त्या टाइमले वाड्याना निंबले बांधेल झोकावर व्हत्यात. मी झोका थांबाडीसन तुमले सांगं."

आता बघ. मी, दोन पोरांची आई, नगरपालिकेची शिक्षिका, सकाळी सकाळी झोक्यावर. मी तिला म्हटलं, तुला काही आठवत नाही. ती म्हणाली, माले आठवस. मी म्हटलं, मानसशास्त्र कोण शिकतंय, तू का मी? तिने दुसरी भाकर घेतली नाही आणि बसला लवकर निघून गेली. तिला माझ्यातर्फे सांग की मला वाईट वाटलं. नको, तिला मीच वेगळं पत्र लिहीन.

ती गेल्यावर मी भांडी घासायला बसले आणि हात थांबले. झोक्याची दोरी आठवली. तळहाताला काथ्या टोचत होता. मग तो लोटा कुठून आला? तू पाणी पीत होतास तो लोटा आपल्या आईचा, कडेला ठेचलेला. आणि तो लोटा, रुपचंद, आई गेली तेव्हाच मी धुळ्याला आणला. तो माझ्या मोरीत आहे, आत्ता मी त्यानेच भांड्यांवर पाणी ओतत होते.

वर्षभर मी ही गोष्ट सांगतेय. शाळेत सांगितली, वर्गात सांगितली, वकिलांना सांगितली. प्रत्येक वेळी ती जरा जास्त चांगली झाली. वकिलांना सांगताना तर गमछाही आला. मला अजूनही तुझा आवाज ऐकू येतो, "अक्का, तोंड नई देखं." अजूनही वाटतं की तू मला सांगितलंस. पण शपथेवर सांगू शकत नाही. वकिलांना तसं कळवून टाकलं, मी साक्षीला उभी राहणार नाही. ते नाराज झाले. म्हणाले, बाई, एवढी पक्की साक्ष होती तुमची. मी म्हटलं, पक्की होती हीच तर अडचण आहे.

आता तुझं. तोंड पाहिलं नाही असं तू अक्का म्हणते म्हणून सांगू नकोस. तुझ्या एका कानाशी चिंधाभाऊ आणि दुसऱ्या कानाशी मी, तर आमच्या दोघांत फरक काय राहिला? त्याच्यापाशी टोळी आहे, माझ्यापाशी बी.ए. ते पण अजून झालेलं नाही.

एक कर. एकटाच त्या वाटेने जा, कोणालाही बरोबर घेऊ नकोस, बेबाबाईलाही नको. नाल्यापाशी उभा राहा. तोंडाचा विचारच करू नकोस. पायात काय होतं, खांद्यावर काय होतं, उजाडलं होतं का, कापलेल्या खोडांचा वास कधी आला, कुत्री भुंकत होती का, असं सुरुवातीपासून एकेक आठवत ये. जिथे आठवत नाही तिथे "आठवत नाही" म्हण आणि पुढे चल. पुस्तकात असंच सांगितलंय आणि मला ते खरं वाटतं. मग जे राहील ते तुझं. त्यात तेरसिंगचं तोंड निघालं तर कोर्टात तोंड सांग, मी तुझ्यावर रागावणार नाही. गुंताबाईपुढे मला मान वर करता येणार नाही, पण तुझ्यावर रागावणार नाही.

टोळीतून काढतील ही तुझी भीती खरी आहे. नानांची बाग, चिंधाभाऊचं मुकादमपण, तुझी चूल त्यावर पेटते. मला इथे पगार आहे, मला बोलायला काय जातं, असं तू म्हणालास तर ते खरंच आहे.

लिलाअक्का


धुळे, २७ मार्च १९८८

माझ्या रुपचंदा,

परवा चोपड्याच्या कोर्टात मी होते. तू मला पाहिलं नाहीस, मी मागच्या बाकावर गुंताबाईशेजारी बसले होते आणि पदर डोक्यावर घेतला होता. निकालाचं काय व्हायचं ते होईल, अजून तारखा आहेत. पण तू पिंजऱ्यात होतास, म्हणजे तुला तुझं तोंड दिसलं नसणार. मला दिसलं. म्हणून लिहितेय.

धुळ्याहून अमळनेरमार्गे सकाळच्या गाडीने आले. दाजींनी डबा करून दिला होता, तो उघडलाच नाही. कोर्टाच्या आवारात निंबाखाली तुमची टोळी बसली होती, चिंधाभाऊ मध्ये. तू जरा बाजूला उभा होतास. बेबाबाईने मला पाहिलं आणि डोळ्यांनीच गप्प राहा म्हणाली. तुझी बायको हुशार आहे, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते.

सरकारी वकिलांनी विचारलं, तुम्ही कोणाला पाहिलं? तू म्हणालास, "एक मानूस देखा. घोंगडी डोकावर, हातमा कोयता. पाठ देखी." ते म्हणाले, आणि तोंड? मी माझा पदर दातात धरला होता.

"तोंड नई देखं."

सरकारी वकील चिडले. पोलिसांना तर तुम्ही तोंड पाहिल्याचं सांगितलं होतं, तेव्हा खोटं बोललात का? तू म्हणालास, "खोटं नई साहेब. तव्हय माले दिसे. बठ्ठासनी सांगं तेरसिंग व्हता, मंग माले बी तेरसिंग दिसाले लागना. आठ रोज झायात, मी एकलाच नालावर जाईसन उभा ऱ्हायनू. तठे माले पाठच दिसनी. तोंड दिसस ते ओट्यावरनं शे." न्यायाधीशसाहेबांनी लिहिणं थांबवून तुझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, सावकाश, परत सांगा. तू परत सांगितलंस, आणि शब्दाने शब्द तेच.

सरकारी वकील म्हणाले, साक्षीदार फितूर झाला. फितूर हा शब्द ऐकून चिंधाभाऊ उठून बाहेर गेला, त्याच्यामागे एकेक करून टोळी गेली. तू त्यांना जाताना पाहिलंस. मला वाटलं आता तू डगमगशील. तू पिंजऱ्याच्या कठड्यावरचे हात काढून घेतलेस आणि मागे बांधलेस, जसे आबा बांधायचे.

मग तेरसिंगचे वकील उठले. मी नको म्हटलं होतं तरी त्यांनी विचारलंच. तोंड दिसलं नाही, हे तुम्ही त्याच सकाळी तुमच्या बहिणीला, लिलाबाईंना, सांगितलं होतं, बरोबर? नुसतं हो म्हणायचं होतं. तेरसिंगची बाजू भक्कम झाली असती, आणि तुझ्या अक्काने वर्षभर गावोगाव सांगितलेलं खरं ठरलं असतं.

तू म्हणालास, "नई साहेब. अक्काले मी काहीच सांगेल नव्हतं. ती झोकावर व्हती. मनी बायकोले सांगं व्हतं."

कोर्टात खसखस पिकली. साहेबही ओठ दाबून हसले. म्हणजे सगळ्या चोपडा तालुक्याला आता माहीत झालं की धुळ्याची मास्तरीण चाळिशीत झोके घेते. वकिलांनी मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना फसवलंय.

रुपचंद, तू लहान होतास तेव्हापासून मी तुझ्या वतीने बोलत आले. मास्तरांशी मी बोलले, सोयरीक जमवताना मी बोलले, ओट्यावरही मीच बोलले. मी ज्या बाजूची होते त्या बाजूच्या फायद्यासाठीसुद्धा तू माझं म्हणणं उचललं नाहीस. टोळीचं सांगितलं नाहीस आणि अक्काचंही नाही. मला इतका आनंद झाला की रडू आलं, आणि मी ते पुसलंही नाही. उद्या मला बी.ए.ला पहिला वर्ग मिळाला तरी मी तो एवढ्या तोऱ्याने सांगणार नाही.

चिंधाभाऊने तुला टोळीतून काढलं हे काल बेबाबाईच्या निरोपातून कळलं. दाजी पाचोऱ्याला त्यांच्या ओळखीच्या माणसाशी बोलतायत. तुला नको असेल तर तसं लिही, मी परस्पर काही ठरवणार नाही.

एवढं सांगून थांबते. तू पिंजऱ्यातून उतरलास आणि मान खाली न घालता आमच्या बाकाजवळून गेलास, तेव्हा गुंताबाईला तुझं अर्धंच बोलणं कळलं होतं. तिने माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "बाई, हा माणूस कोण?"

मी कोर्टात आहे हे विसरून चांगलं मोठ्याने म्हणाले, "मना भाऊ शे."

पट्टेवाला धावत आला आणि म्हणाला, "ओ बाई, गप्प बसा." मी त्यालाही परत सांगितलं.

तुझी,
अक्का